हिरव्या सोन्याची अंगठी, ११ महिने रोज बोटात घालून

आधीच सांगते म्हणजे कुणाचा पोपट व्हायला नको, हिरवं सोनं, म्हणजे हिरवट झाक असलेलं दागिन्यांचं सोनं, तसं हिरवं नसतं. म्हणजे पोपटी, बाटलीसारखं, लग्नातल्या चुड्यासारखं वगैरे काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. पाडाला लागलेली कैरी कापली की आतली फोड कशी दिसते, पिवळी म्हणावं तर पिवळी नाही आणि हिरवी म्हणावं तर हिरवीही नाही, तसा रंग. आणि तोही दिवसाच्या उजेडात. घरातल्या पिवळ्या बल्बखाली तर माझा नवरा अजूनही विचारतो की ही तीच का ती महागातली.

मी हे लिहितेय कारण घ्यायच्या आधी मराठीत शोधलं तेव्हा धड काहीच मिळालं नाही. 'हिरवं सोनं' टाकलं की बांबू लागवडीवरचे लेख येतात आणि 'ग्रीन गोल्ड' टाकलं की छोटा भीम बनवणारी हैदराबादची कंपनी येते. दागिन्याबद्दल जे काही सापडलं ते एकतर विकणाऱ्यांनी लिहिलेलं नाहीतर नुसते फोटो, आणि फोटोंचं तर विचारूच नका, काही ठिकाणी सरळ हिरवा रंग चढवलेले पितळी कानातले याच नावाने विकतात.

तर आधी माझी गोष्ट. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. मला निकेलची ॲलर्जी आहे हे कळलं ते एका १४ कॅरेट व्हाइट गोल्डच्या अंगठीमुळे, ती मी हौसेने घेतली होती, दुकानदार म्हणाला होता काही होत नाही हो, तीन आठवड्यांत बोटाला लाल चट्टा आणि खाज. व्हाइट गोल्ड पांढरं करायला बऱ्याचदा निकेल वापरतात, वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो झिजला की आतलं निकेल कातडीला लागतं. माझं तेच झालं. पिवळं घ्यायचं तर मला २२ कॅरेटचा तो लग्नातल्या हाराचा पिवळा रोज ऑफिसात नको होता, आणि रोझ गोल्ड (गुलाबी सोनं) तेव्हा ज्याच्या त्याच्या हातात दिसत होतं.

इथून ट्रेनने फोर्त्सहाइम फार लांब नाही. या गावाला जर्मन लोक सोन्याचं गाव म्हणतात, १७६७ पासून तिथे दागिने आणि घड्याळांचा धंदा आहे, आणि गावातून वाहणाऱ्या तीन नद्यांपैकी एकीचं नाव चक्क नागोल्ड. (मी पहिल्यांदा स्टेशनवर वाचलं तेव्हा वाटलं कुणीतरी टाइप करताना नाग आणि गोल्ड एकत्र केलं.) तिथलं दागिन्यांचं म्युझियम बघायला म्हणून गेलो होतो, आणि नंतर एका गल्लीत एका सोनारीण बाईंचं छोटं वर्कशॉप दिसलं, खिडकीत तीन रंगांच्या सोन्याची पानं लावलेली, लालसर, पिवळं आणि हे हिरवट. तिथेच मी अडकले. शेजारी शेजारी ठेवले की तो हिरवा काय दिसतो! एकटा ठेवला तर फिका पिवळा वाटेल, पण लालसर सोन्याच्या बाजूला ठेवला की खरंच पालवी फुटल्यासारखा. अठराव्या शतकात पॅरिसचे सोनार तपकिरीच्या डब्यांवर चार रंगांचं सोनं वापरून फुलं-पानं काढायचे ते याच युक्तीवर, पानं हिरव्या सोन्याची आणि फुलं लाल. अमेरिकेत साउथ डकोटातले ब्लॅक हिल्सचे दागिने पण असेच, द्राक्षाचा वेल आणि त्याला हिरवट नि गुलाबी पानं.

बाईंनी मला काउंटरवर तीन पट्ट्या काढून दाखवल्या. तिन्ही १८ कॅरेट, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम सोनं, फरक फक्त उरलेल्या २५ मध्ये. पहिलीत अर्धी चांदी अर्धं तांबं, ते आपलं नेहमीचं पिवळं. दुसरीत २० चांदी आणि ५ तांबं, त्यात जराशी हिरवट झाक. तिसरीत २५ च्या २५ चांदी, तांबं शून्य, आणि तीच सगळ्यात हिरवी. मला आधी वाटलेलं की हिरवं करायला काहीतरी हिरवं घालत असतील. तर नाही. चांदी घालायची आणि तांबं काढून टाकायचं, बस. त्यांनी समजावलं ते मला इतकं आवडलं की मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं: सोनं निळा प्रकाश गिळतं आणि बाकीचा परत फेकतं म्हणून ते पिवळं दिसतं. चांदी दिसणारे जवळजवळ सगळेच रंग परत फेकते म्हणून ती पांढरी. सोन्यात चांदी मिसळली की सोन्याची ती निळं गिळण्याची हद्द जरा जांभळ्याकडे सरकते, मग हिरव्या बाजूचा प्रकाश थोडा जास्त परत येतो. तांबं याच्या उलट, लालाकडे ओढतं. आणि चांदी फारच वाढवली की हिरवंही जातं आणि नुसतं पांढरट होतं. म्हणजे हिरवा दिसायची जागा तशी अरुंदच आहे.

कॅडमियमबद्दल मीच विचारलं, कारण नेटवर वाचलं होतं की कॅडमियम घातलं की आणखी गडद हिरवं होतं. बाईंचा चेहराच बदलला. युरोपात २०११ च्या डिसेंबरपासून दागिन्यात कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि त्या म्हणाल्या कायदा नसता तरी मी हात लावला नसता. कारण साधं आहे, कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं आणि सोनं वितळायला १०६४ लागतात, म्हणजे मूस (सोनं वितळवायचं भांडं) तापतेय तोवर ते धूर होऊन सोनाराच्या फुप्फुसात गेलेलं असतं. आपल्याकडे हे कुणाला नवीन वाटायचं कारण नाही, आपल्या आयांच्या बांगड्यांवर जे 'केडीएम' असायचं आणि दुकानदार अभिमानाने दाखवायचे, ते हेच कॅडमियम, डाखात म्हणजे जोड द्यायच्या धातूत घातलेलं. घालणाऱ्याला फारसं काही होत नाही, फुंकणाऱ्याला होतं. तर कुणी तुम्हाला जास्तच गडद हिरवं सोनं देतो म्हणाला तर आत काय आहे ते विचारा.

मी शेवटी तिसरी पट्टी निवडली, सोनं ७५ चांदी २५. साधी पट्टीची अंगठी, ४ मिलिमीटर रुंद, वर खडा नाही नक्षी नाही, वरून जराशी मॅट. वजन ६.३६ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त. किंमत सांगत बसत नाही कारण भाव रोज पळतोय, पण घडणावळ आपल्या हिशेबाने डोळे पांढरे करणारी होती, कारण हे मिश्रण त्या तयार विकत न घेता स्वतः वितळवून पट्टी ओढतात. आतल्या बाजूला ७५० चा शिक्का. इथे सरकारी हॉलमार्क सक्तीचा नाही, सोनार आपल्या जबाबदारीवर शिक्का मारतो, हे मला नंतर पुण्यात महागात पडलं, येते त्यावर.

पहिले दोन महिने नुसतं कौतुक. बोटाला काहीही झालं नाही, ना खाज ना चट्टा, यात निकेलच नाही आणि तांबं पण नाही त्यामुळे निकेलचा त्रास असलेल्यांना मी डोळे झाकून हेच सांगेन. ऑफिसात दोघींनी विचारलं की हे प्लॅटिनम आहे का सोनं, आणि त्या गोंधळाचीच मला मजा यायची.

तिसऱ्या महिन्यापासून ओरखडे. आता हे नीट वाचा कारण हाच याचा सगळ्यात मोठा दोष आहे. हे मऊ आहे. नेहमीच्या १८ कॅरेटपेक्षा स्पष्ट मऊ. मी रोज पोळ्या करते, भांडी घासते, सायकल चालवते, कुलूप, किल्ल्या, ट्रेनचा स्टीलचा दांडा, सगळ्याची सही त्या अंगठीवर आहे. मॅट फिनिश पुसून आता सगळीकडे बारीक रेघांची एक वेगळीच झिलई आलीये, जी खरं सांगायचं तर वाईट दिसत नाही, पण ज्यांना आरशासारखं चकचकीत लागतं त्यांनी या वाटेला जाऊच नका. जिममध्ये एकदा काढायची विसरले आणि वजनाचा दांडा उचलला, तर अंगठीचा गोल अंडाकृती झाला, बाईंनी लाकडी हातोडीने दोन मिनिटांत परत गोल करून दिला, पैसे पण घेतले नाहीत. मऊपणाचं कारण असं की सोन्याचे आणि चांदीचे अणू आकाराने जवळजवळ सारखेच, त्यामुळे ते एकमेकांत साखर-पाण्यासारखे मिसळतात आणि थर एकमेकांवरून सहज सरकतात. तांब्याचा अणू लहान, तो मध्ये अडकतो आणि थरांना सरकू देत नाही, म्हणून तांबं असलेलं सोनं कडक. म्हणजे हिरवा रंग हवा तर तांबं नको आणि कडकपणा हवा तर तांबं हवं, दोन्ही एका वेळी मिळत नाही. २० चांदी ५ तांब्याची दुसरी पट्टी घेतली असती तर जरा कडक मिळाली असती. रोज वापरायला मी आज कदाचित तीच घेईन. कदाचित.

नवऱ्याने घरातल्या बारीक वजनकाट्यावर अंगठी पाण्यात बुडवून आर्किमिडीजचा घनता काढायचा प्रयोग पण केला, ०.४० ग्रॅम घट आली म्हणजे घनता १५.९, आणि सोनं-चांदी ७५-२५ ची हिशेबाने येते १५.९६ च्या आसपास. तो खूष. पण काटा ०.०१ ने इकडेतिकडे झाला तरी उत्तर साडेपंधरा ते सव्वासोळा कुठेही जातं, तेव्हा याला पुरावा म्हणू नका, रविवारची करमणूक म्हणा.

चांदी आहे म्हणजे काळं पडेल का, हे सगळे विचारतात. अंगठी नाही पडली. ११ महिन्यांत एकदाही नाही, लसूण, अंडी, हळद, पुण्याचा घाम, काही नाही. पण मी त्याच गावातून जुन्या वस्तूंच्या दुकानातून पानाच्या आकाराचे १४ कॅरेटचे हिरवट कानातले पण घेतले होते, ५८५ शिक्क्याचे, ते मात्र मागच्या बाजूने काळपट तपकिरी होतात, दर दोन-तीन महिन्यांनी गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइल करावं लागतं. दोघांत एवढा फरक का, तर वजनाने बघू नका, अणू मोजा. चांदीचा अणू सोन्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा. त्यामुळे ७५ टक्के सोनं म्हणजे १०० अणूंत साधारण ६२ सोन्याचे, बहुमत सोन्याचं. पण १४ कॅरेटमध्ये उरलेली सगळी चांदी धरली तर १०० अणूंत सोन्याचे ४४ च, बहुमत चांदीचं, मग ती चांदीसारखीच वागणार ना! म्हणून हिरवं घ्यायचं तर १८ च घ्या. १४ कॅरेट हिरवं स्वस्त पडतं, रंगही फिकट गोड असतो, पण त्याची सरबराई करावी लागते.

ऑक्टोबरमध्ये पुण्याला गेले, दसरा-दिवाळी दोन्ही. आणि इथे खरी परीक्षा. आईने अंगठी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, आपल्या पाटलीला लावून बघितली आणि म्हणाली, "अगं यात चांदी आहे." मी म्हटलं हो, मुद्दाम आहे. "सोन्यात चांदी घालून घेतलीस आणि वर पैसे पण जास्त दिलेस?" यावर काय बोलणार. मी म्हटलं आई याला हिरवं सोनं म्हणतात. तर दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं वाटताना एक माझ्या हातावर ठेवून म्हणे, "हे घे हिरवं सोनं, हे तरी खरंच हिरवं आहे."

मग आमच्या नेहमीच्या सराफांकडे. काकांनी आधी कसोटीवर घासली, शेजारी त्यांच्या १८ च्या सळईची रेघ ओढली, माझी रेघ फिकी. मान हलली. मग तेजाबाचा थेंब, रेघ जागच्या जागी, पुसली नाही. आता मान दुसऱ्या बाजूला हलली. शेवटी मशीनमध्ये ठेवली, सोनं ७५.२ चांदी २४.७. काका चष्मा काढून म्हणाले, "मशीन बरोबर म्हणतंय गं, पण डोळा मानत नाही." मला त्यांचं अजिबात वाईट वाटलं नाही. त्यांच्या आयुष्यात फिकं हिरवट सोनं म्हणजे कुणीतरी चांदी मारून आणलेलं मोडीचं सोनं, आणि ते पकडणं हेच त्यांचं काम. आपला सगळा धंदाच रंगावर चालतो, सोनं कसं हवं तर 'पिवळंधमक'. आणि तसं बघितलं तर माणसाने पाडलेली अगदी पहिल्या काळातली नाणी याच सोन्या-चांदीच्या मिश्रणाची, लिडियातली म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, सिंहाचं तोंड असलेली. तिथे नदीतच असं मिसळलेलं सोनं सापडायचं. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की सोन्यात पाचवा हिस्सा चांदी असली की त्याला इलेक्ट्रम म्हणायचं. माझ्या अंगठीत चौथा हिस्सा आहे, म्हणजे मी प्लिनीच्या पण पुढे. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले चहा घेणार का.

मोडीचं विचारलं तर उत्तर सरळ होतं, सोन्याचे ७५ टक्के धरू, त्यातून तूट कापू, चांदीचे काही नाही. ६.३६ ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या वर चांदी आहे, ती हवेत. घडणावळ तर जातेच. आणि बीआयएसचा (भारताच्या सरकारी मानक संस्थेचा) हॉलमार्क नाही, एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक नाही, त्यामुळे दुसरीकडे कुठे नेली तर आधी अर्धा तास स्पष्टीकरण. भारतात करून घेणार असाल तर १८ कॅरेटला ७५० चा हॉलमार्क मिळतो, तो रंग बघत नाही फक्त सोनं किती ते बघतो, तेव्हा कारागीर तयार असेल तर कायद्याची काहीच अडचण नाही. अडचण कारागिराची आहे. मी दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले एका अंगठीसाठी वेगळी मूस लावायला परवडत नाही, आणि एक म्हणाला त्यापेक्षा ऱ्होडियम मारून देतो. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर सरळ २४ कॅरेटचं वेढणं घ्या आणि कपाटात ठेवा, हे त्यासाठी नाही.

आणि आता माझी चूक. ऑक्टोबर हीटमध्ये बोटं सुजली, अंगठी इतकी घट्ट की साबण लावून पण निघेना. निघाली एकदाची, आणि मी घाईत जवळच्या एका दुकानात मोठी करायला दिली. सांगितलं होतं की हे वेगळं सोनं आहे, तुकडा घालाल तो मॅचिंग घाला. "हो हो मॅडम." दुसऱ्या दिवशी अंगठी आली तर हिरवट पट्टीत मधोमध चार मिलिमीटरचा छान पिवळा तुकडा, आणि दोन्ही बाजूंना डाखाची त्याहून पिवळी रेघ. शर्टाला ठिगळ लावावं तसं. त्या माणसाने १८ कॅरेटच घातलं, फसवलं नाही, पण त्याच्या दृष्टीने सोनं म्हणजे सोनं. गंमत म्हणजे त्या ठिगळामुळेच लोकांना आता पहिल्यांदा कळतं की बाकीची अंगठी हिरवी आहे. घरी बल्बखाली कधी काही न दिसलेल्या नवऱ्याला पण दिसलं.

तेव्हा हे लक्षात ठेवा, अंगठी केली त्याच सोनाराकडून उरलेला एखादा तुकडा मागून घ्या आणि माप बदलायचं तर तो तुकडा बरोबर न्या. आणि डाख पण त्याच रंगाचा आहे ना ते विचारा. पेंडंट असेल तर हा प्रश्नच नाही, म्हणून खरं तर हिरवं सोनं पेंडंटला, कानातल्याला जास्त शोभतं, झिजत नाही आणि माप लागत नाही. त्यात दोन रंग एकत्र असतील तर फारच छान. अंगठीत माझ्यासारख्या हट्टी लोकांनीच घ्यावं.

परत आले तर इथे हिवाळा, बोटं बारीक, आणि आता अंगठी सैल. हातमोजा काढताना दोनदा सुटून पडली, एकदा ट्रेनमध्ये. फोर्त्सहाइमच्या बाईंना फोटो पाठवला, त्यांनी आधी एक लांब उसासा टाकणारी स्मायली पाठवली आणि मग लिहिलं की तो पिवळा तुकडा कापून काढते, म्हणजे मूळ मापाची होईल, दोन टोकं हिरव्याच डाखाने जोडते, ओरखडे पण काढून देते. वजनही केलं होतं मी पुण्याला जायच्या आधी, ६.३४, म्हणजे सहा महिन्यांत ०.०२ ग्रॅम झिज, हे माझ्या काट्याच्या चुकीतच जाईल. येत्या शनिवारी जातेय.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तो पिवळा तुकडा तिथे ठेवून येऊ नकोस हं, त्या अंगठीत खरं सोनं तेवढंच आहे."